कागदावरचा पेशंट

सोमवार, ५ ऑक्टोबर २०२०

मार्चपासून डायरी लिहिली नव्हती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं आणि जे घडत होतं ते लिहवत नव्हतं. साठीच्या वरच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला आणि मी एका दिवसात म्हातारी झाले. त्याआधी म्हातारं व्हायला वेळच मिळाला नव्हता.

गेल्या आठवड्यात डीनचा फोन आला. शेवटच्या वर्षाची मुलं घरी बसली आहेत, वॉर्डात नेता येत नाही, वर्ष वाया जाईल. "डॉक्टोरा पालाब्रिका, मेडिसिनचं पोस्टिंग तुम्ही ऑनलाइन घ्या. घरबसल्या." घरबसल्या पेशंट कुठून आणू, विचारलं, तर म्हणतो, "तुमच्या डोक्यात काय कमी पेशंट असतील?" कमी नाहीत, खरं आहे. त्यातले बरेचसे मेलेले आहेत हे त्याला सांगितलं नाही.

आज पहिला दिवस. पाच चौकोनांत पाच मुलं, त्यातला एक चौकोन काळा. जेर्विन बालासोतो, उत्तरेकडच्या बेटावरचा. "कॅमेरा लावला की आवाज तुटतो, डॉक्टोरा. इथे रेंज नाही." पूर्वी यांची जीपनी, गावाकडची प्रवासी जीप, बंद पडायची, आता रेंज पडते.

कॉलेजचा नियम सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. या काळात विद्यार्थ्याने कुठल्याही खऱ्या पेशंटला हात लावायचा नाही, औषध द्यायचं नाही, सल्लासुद्धा द्यायचा नाही. लावला तर वर्ष गेलं आणि कदाचित कॉलेजही गेलं. "शेजारीण आली दाखवायला तरी नाही," मी दरडावलं. गावात यांना दुसऱ्या वर्षापासूनच सगळे 'डॉक' म्हणायला लागतात, आणि ह्यांना ते गोड लागतं.

मग खेळ समजावला. प्रत्येकाने एक पेशंट रचायचा, कागदावरचा. रोज सकाळी आपण राउंड घेणार. तुम्ही सांगायचं, आज तो कसा दिसतो. तपासण्यांचे आकडे मी सांगणार. म्हणजे देव मी. पोरं हसली. काळा चौकोन हसला की नाही, कळायला मार्ग नाही.

बुधवार, ७ ऑक्टोबर

क्रीशाने असा पेशंट आणलाय की त्याला पुस्तकातली सगळी लक्षणं ओळीने आहेत, एकही राहिलेलं नाही. इतका आज्ञाधारक आजारी मी जन्मात पाहिला नाही.

जेर्विनचा पेशंट: सत्तावन्न वर्षांचा कोळी. गुडघाभर पुराच्या पाण्यात उभा राहून शेजाऱ्याची होडी ओढत होता, पायाला जखम होती. आता ताप, डोळे लाल, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की चादर लागली तरी ओरडतो.

"लेप्टो," मी म्हटलं. "उंदराच्या मुताचा आजार. दारावर नाव लिहून आलाय तुझा पेशंट. जरा अवघड निवडायचा होतास."

"मी निवडला नाही, डॉक्टोरा," तो म्हणाला. मग घाईघाईने, "म्हणजे, सुचला."

मागे कोंबडा आरवत होता आणि कुणीतरी कण्हत होतं. टीव्ही बंद कर म्हटलं. "हो, डॉक्टोरा," म्हणाला. कण्हणं थांबलं नाही. ही मुलं वर्गात बसून मालिका बघतात आणि आपल्याला कळत नाही असं समजतात.

दोन तासांत डोकं उठलं. वॉर्डात सहा तास उभी राहायचे, तेव्हा असं होत नव्हतं.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

जेर्विनचा पेशंट पिवळा पडला. भरती कर, शिरेतून पेनिसिलिन लाव, लघवी मोज, मी म्हटलं.

"शिरेतून द्यायला काही नसेल तर? आरोग्यकेंद्रात फक्त गोळ्या आहेत आणि एक सुईणबाई आहे."

"कागदावर सगळं असतं, तोतो." घरच्या पोराला म्हणावं तसं तोतो म्हटलं, कारण मला त्याची कीव आली होती. "उगाच अडचणी रचू नकोस. लघवी किती होते?"

"काल आइस्क्रीमचा डबा अर्धा भरला. आज त्याहून कमी."

सगळी खदखदली. मीही हसले. कुठल्या हॉस्पिटलात आइस्क्रीमच्या डब्याने लघवी मोजतात! तू डॉक्टर होण्याऐवजी कादंबऱ्या लिही, म्हटलं. तो म्हणाला, "आंब्याचं आइस्क्रीम, डॉक्टोरा. मोठा डबा." पुन्हा हशा. पोरगं विनोदी आहे, आवाज मात्र रडका.

"आणि पेशंट शहरात यायला तयार नाही," तो म्हणाला. "म्हणतो, शहरात नेलं की कोविडच्या वॉर्डात टाकतात. मेलं की जाळून डबीत देतात, तोंडही दाखवत नाहीत."

"सगळेच पेशंट असं काहीतरी म्हणतात. समजूत घालायची. तेच तर शिकायचंय."

"समजूत कशी घालायची, डॉक्टोरा?"

वेळ संपली होती. सोमवारी बघू म्हटलं.

रविवार, ११ ऑक्टोबर

टीव्हीवर चर्चची मास-प्रार्थना चालू असताना जेर्विनचा मेसेज: लघवी कमी होत असताना पाणी पाजत राहायचं की थांबवायचं? लगेच दुसरा: अंगावर सूज आहे. लगेच तिसरा: माफ करा, आज रविवार आहे.

रविवार आहे हे माहीत आहे तर मग मेसेज कशाला? फोन पालथा ठेवला. या मुलांना वाटतं, आपण चोवीस तास उघडं दुकान आहोत.

बेबिंगने लुगाव केला होता, आलं घातलेली तांदळाची पेज. तीस वर्षं माझ्या घरात आहे, मला काय लागतं ते मला विचारत नाही. खाऊन दुपारभर झोपले आणि उठल्यावरही थकलेलीच होते. न काम करण्याचाही थकवा येतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

काल पाण्याचं उत्तर दिलं. मोजून, थोडं, सूज असेल तर आवर. जेर्विनने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "कालपर्यंत पुष्कळ पाजलं." पाजलं तर पाजलं. कागदावरचा माणूस फुगत नाही.

आज म्हणतो, डब्याचा तळ जेमतेम ओला झाला. पेशंटला उचकी लागली आहे, बोलताना मध्येच झोपतो.

"मूत्रपिंडं गेली. डायलिसिस हवं. तू अजून त्याला घेऊन बसलायस कशाला? शहरात हलव."

"होडी नाही, डॉक्टोरा. क्वारंटाइनमुळे पास मिळत नाही. तांडेल म्हणतो, पकडलं तर माझी होडी जाईल."

आता मात्र माझा संयम सुटला. प्रत्येक सोप्या उत्तरापुढे हा एक भिंत बांधतो. कागदावर होड्या नेहमी चालू असतात, मी म्हटलं. आणि मग मला वाटलं, ठीक आहे, याला याच भिंतीतून शिकवू. गुरुवारी मला नातेवाइकांना मृत्यू कसा सांगायचा हा धडा घ्यायचाच होता.

"ऐक. तुझा पेशंट मेला. गुरुवारी तू त्याच्या बायकोला सांगायचंस. क्रीशा बायको होईल."

"नाही, डॉक्टोरा."

"नाही म्हणजे?"

"तो मरणार नाही. कुणाचाही मारा, डॉक्टोरा. क्रीशाचा मारा."

"माझा का? माझा बरा होत आलाय!" क्रीशा ओरडली.

मी सांगितलं, गुरुवारी धडा केला नाहीस तर पोस्टिंग अपुरं राहील आणि तसं मी लिहून देईन. कोंबडा तेवढा ओरडत होता. मग, "करतो, डॉक्टोरा."

शिस्त अशीच लावावी लागते. तरी मनाला बरं वाटत नाही.

बुधवार, १४ ऑक्टोबर

राउंडला जेर्विन आला नाही. बेबिंगला सांगितलं सगळं. भांडी घासता घासता म्हणाली, "एवढा जीव लावलाय खोट्या माणसावर? आमच्याकडे तर खऱ्यावर लावायला फुरसत नाही."

"मुलं अशीच असतात. रचता रचता त्यातच राहायला लागतात."

"नाव काय ठेवलंय त्या माणसाचं?"

विचारलंच नव्हतं मी. नाव विचारल्याशिवाय राउंड पुढे सरकवला म्हणून मी कित्येक इंटर्नना बाहेर काढलंय.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवते.

जेर्विन वेळेवर आला. आवाज खाली, तोंडातल्या तोंडात. इंग्रजीत सुरू केलं त्याने. मी थांबवलं. ती कोळीण आहे, इंग्रजीत नवरा मेलेला तिला कसा कळेल? घरी बोलतोस तसं बोल. आणि मोठ्याने बोल, हे काय कबुलीजबाब देतोयस फादरला?

त्याने परत सुरू केलं. आमच्या हिलिगायनोन भाषेत, मोठ्याने, थोरल्या बाईला म्हणतात तसं मनांग म्हणत. "मनांग, बसा जरा. आम्ही सगळं केलं. पण त्यांची मूत्रपिंडं बंद पडली होती." क्रीशा डोळे मोठे करून ऐकत होती. "मनांग, तुमचे मालक गेले."

आणि किंकाळी आली. क्रीशाची नव्हे. क्रीशा तर तोंडावर हात ठेवून बसली होती. काळ्या चौकोनातून आली ती. बांबूच्या भिंतीपलीकडून आल्यासारखी, मग धावत जवळ, काहीतरी पडलं, भांडं असेल, आणि एक बाई ओरडत होती, "आर्सेनिओ! आर्सेनिओ! मला का नाही सांगितलं? बाहेरच्यांना आधी सांगतोस?"

"आई, नाही! आई, हे कॉलेजचं आहे! आई!"

आणि मग त्या गोंधळात एका माणसाचा आवाज, जड, झोपेतून ओढून काढल्यासारखा:

"कोण मेलं?"

कुणी हसलं नाही. "जेर्विन, कॅमेरा लाव," मी म्हटलं. त्याने लावला. चित्र तुटत तुटत आलं. खिडकीशी चटई, चटईवर माणूस, हळदीसारखा पिवळा, चेहरा सुजलेला. त्याच्या छातीवर डोकं ठेवून एक बाई. उशाशी आंब्याच्या आइस्क्रीमचा डबा.

"रेंज या खिडकीशीच येते, डॉक्टोरा," जेर्विन म्हणाला. जसं काही तेवढंच समजावायचं राहिलं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"नियम, डॉक्टोरा. मी बाबांना गोळ्या दिल्या. हात लावला."

मी बाकीच्यांना घालवलं आणि फोन हातात घेतला.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर

होडी मिळाली. तिथल्या नगरपालिकेचा डॉक्टर माझ्या हाताखाली शिकलेला, त्याने कोस्ट गार्डला सांगितलं. माझे दोन फोन आणि एक जुनी ओरड, बस. दोन फोन. हे मी गेल्या शुक्रवारीही करू शकले असते. रविवारी, मास चालू असतानाही करू शकले असते. हे वाक्य मी दिवसभर मनात फिरवतेय आणि ते झिजत नाही.

होडीत पेशंटबरोबर एकच माणूस, हॉस्पिटलातही उशाशी बसणारा एकच, बंताय म्हणतात तो. जेर्विन गेला, त्याची आई लिंडा बेटावर राहिली. संध्याकाळी डायलिसिस सुरू झालं. मला आत सोडत नाहीत, तेव्हा मी तेच पाहिलं जे माझ्या विद्यार्थ्यांना दाखवते: फोनमधला पेशंट. आर्सेनिओने डोळे उघडले आणि म्हणाला, "डॉक्टोरा, तुम्ही मला मारलंत म्हणे काल."

"मी नाही, तुमच्या मुलाने," मी म्हटलं.

"तो लहानपणापासून खोटं बोलायला कच्चा," तो म्हणाला, आणि झोपला. त्याला कोविडच्या वॉर्डात टाकलेलं नाही, एवढं तरी त्याने पाहिलं.

लिंडाचाही फोन आला, सुईणबाईच्या मोबाइलवरून. मला वाटलं शिव्या देईल. तिने माफी मागितली! "डॉक्टोरा, मला ठाऊक नव्हतं त्याची परीक्षा चाललीय. मी मध्ये ओरडले, त्याची परीक्षा बिघडवली. पोराने समजावलं मला नंतर. त्याला पुन्हा एकदा द्या ना परीक्षा. या वेळी मी गप्प बसेन, आईशपथ."

तो पास आहे म्हणून सांगितलं. तिला पटलं नसावं. मोठी माणसं असं तोंडदेखलं बोलतात, हे बेटावरच्या बायांना ठाऊक असतं.

डीनला काही कळवलं नाही. कळवणारही नाही.

शनिवार, १७ ऑक्टोबर

पोटॅशियम खाली आलं. थोडी लघवी झाली. जेर्विनने फोटो पाठवला, पिशवीचा. आयुष्यात मी इतका सुंदर फोटो पाहिला नाही असं बेबिंगला म्हटलं, तर ती म्हणाली, "जेवताना नको, डॉक्टोरा."

सोमवार, १९ ऑक्टोबर

पहाटे फुफ्फुसांत रक्त उतरलं. लेप्टोत असं होतं. मी हे पंचवीस वेळा शिकवलंय, त्यात मुलांनी वहीत खूण करावी म्हणून आवाज चढवते. सकाळी गेला आर्सेनिओ. जेर्विन शेजारी होता.

दुपारी त्याचा फोन. आवाज कोरडा. "डॉक्टोरा, आईला तुम्ही सांगा."

"तूच सांगायला हवंस, तोतो."

"सांगितलं. दोनदा सांगितलं. ती म्हणते, छान बोललास या वेळी, अडखळला नाहीस. सुईणबाईला हाक मारून म्हणाली, ये, पोराची परीक्षा चाललीय, हसू नकोस. डॉक्टोरा, मी ओरडून सांगितलं, तरी ती मान डोलवते. होडी निघायला पाहिजे, तिला यायला पाहिजे. ती तयारच होत नाही."

मी सुईणबाईच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. लिंडा पडद्यावर आली. केस विंचरलेले, स्वच्छ ब्लाउज घातलेला, माझ्यासाठी. आधी विचारलं, डॉक्टोरा, जेवलात का. मग खुर्चीवर ताठ बसली. "ऐकते, डॉक्टोरा. आज मी ओरडणार नाही."

मी सांगितलं. जसं आयुष्यभर सांगत आले तसं. आम्ही सगळं केलं, पण.

तिने मान हलवली. मग हळूच, सुईणबाईला ऐकू जाऊ नये अशा बेताने, विचारलं, "आता रडू ना?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता टॉवेल तोंडाला लावून रडायला लागली. मोठ्याने, नीट, आर्सेनिओचं नाव घेत. टॉवेलच्या कडेवरून एक डोळा माझ्याकडे होता, एवढं पुरे का ते बघत.

"लिंडा, पुरे. ही परीक्षा नाही. पास-नापास काही नाही. आर्सेनिओ आज सकाळी गेले. खरंच गेले."

तिने टॉवेल खाली घेतला. माझ्याकडे पाहत राहिली. सुईणबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकला.

"मग जेर्विन रडला का नाही सांगताना?"

"सांगणाऱ्याने रडायचं नाही असं मीच शिकवलंय त्यांना," मी म्हटलं.

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. पडदा काळा झाला. नंतर मला फक्त आवाज येत होता, आणि तो थांबेपर्यंत मी फोन बंद केला नाही.